जोहारला उत्तर नसतं

वेल्फेअरच्या साहेबांनी पेटीतून एक काठी काढली आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवली. काठीच्या टोकाला घुंगरू बांधलेले. काठी लहान, लेकराच्या हातात बसेल एवढीच. कुणीतरी मुद्दाम माप घेऊन, रंधा मारून, वर पॉलिश चढवून केलेली. तिच्यावर साहेबांनी घोंगडीचा एक तुकडा ठेवला. तोही लहान.

"हे तुमच्या मुलीला," ते म्हणाले. "तुम्हाला काही वेगळं शिकवायला लागणार नाही. घरचंच आहे."

कँटीनच्या मागच्या खोलीत कमिटीची आठ-दहा माणसं होती. ती हसली. फार मोठ्यानं नाही. जेवण झाल्यावर माणसं कुणाच्या तरी ढेकरावर हसतात, तेवढीच.

मीही हसलो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण ते हसू मला अजून जड जातं. मला राग यायला हवा होता. आला नाही. तोंड आपोआप पसरलं, दात दिसले, आणि मी म्हणालो, "व्हय साहेब." काठी घोंगडीत गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातली. ती पिशवीत मावेना, टोक बाहेर राहिलं. कंपनीच्या बसमध्ये प्रत्येक खड्ड्याला घुंगरू वाजत होते. वाळूजच्या रस्त्याला खड्ड्यांचा काही दुष्काळ नाही. बजाजनगर येईपर्यंत सगळी बस माझ्या पिशवीकडे बघत होती.

आता हे प्रकरण काय होतं ते सांगतो.

मी वाळूजच्या एका कंपनीत प्रेस शॉपला फिटर आहे. दिवाळीला कंपनी प्रत्येक कामगाराला एक स्टीलचा डबा देते. घरात डबे इतके झालेत की त्यात भरायला काही उरलं नाही. मी कमिटीत होतो. शहरात लहान मुलांचं म्युझियम निघाल्याचं ऐकलं, तेव्हा मीच मीटिंगमध्ये म्हणालो, यंदा डबा नको. सगळ्यांच्या लेकरांना तिकडं नेऊ. एक रविवार, सगळं कुटुंब, कंपनीची बस. साहेबांना कल्पना फार आवडली. इतकी आवडली की पुढच्या मीटिंगपासून ती त्यांचीच झाली.

मला हे का सुचलं? माझं बालपण फर्दापूरजवळच्या वस्तीत गेलं. लेण्या बघायला जगातून माणसं यायची. आम्ही पोरं रस्त्यावर चमकणारे दगड विकायचो. गोरी माणसं दगड घ्यायची नाहीत, आमचे फोटो घ्यायची. फाटकी चड्डी, शेंबूड, हातात दगड. कुणाच्या तरी देशात, कुणाच्या तरी भिंतीवर मी अजून तसाच उभा असेन. लेण्या बुद्धाच्या, आम्ही बौद्ध, पण आत जाऊन नीट बघायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. काही माणसं बघायला येतात आणि काही बघितली जातात, एवढं शिक्षण मात्र तिथं फुकटात झालं. माझ्या पोरीनं बघणाऱ्यांत असावं, एवढीच माझी हाव होती.

पोरीचं नाव प्रज्ञा. नऊ वर्षांची. म्युझियमचं कळल्यापासून आमच्या दोन खोल्यांत दुसरा विषय नव्हता. बायको, रंजना, धपाटे करायचे की पुऱ्या यावर स्वतःशीच वाद घालायची. धपाटे टिकतात, पण लोकांसमोर पुऱ्या बऱ्या दिसतात. शेवटी धपाटेच ठरले, वर शेंगदाण्याची चटणी आणि दही. आत डबा खाऊ देतात की नाही कुणाला माहीत नव्हतं. "नाय दिला तर बाहेर झाडाखाली बसू," रंजना म्हणाली. झाड आहे की नाही हेही कुणाला माहीत नव्हतं.

प्रज्ञाला तिथं एकच गोष्ट बघायची होती. तिच्या वर्गातली एक मुलगी जाऊन आली होती आणि तिनं सांगितलं होतं की तिथं साबणाच्या पाण्याचा एवढा मोठा बुडबुडा करतात की लेकरू आत उभं राहतं. प्रज्ञा स्वयंपाकाच्या ओट्याजवळ हात अंगाशी घट्ट धरून, श्वास कोंडून उभी राहायची. आपल्या धक्क्यानं बुडबुडा फुटू नये म्हणून तालीम. रंजना तिला ढकलून पातेलं उचलायची. "फुटला बुडबुडा. जा, अभ्यासाला बस."

आई येणार नव्हती. तिचे गुडघे गेलेत. "मला काय करायचंय लेकरांच्या खेळात," म्हणायची. एके दिवशी सुट्टी झाल्यावर मी मुद्दाम शहरात जाऊन ती जागा बघून आलो. पायऱ्या किती, पाणी आहे का, आईला बसायला जागा आहे का. दारावर मोठ्या रंगीत अक्षरांत पाटी होती: इथे प्रत्येक वस्तूला हात लावा! घरी येऊन मी ते सांगितलं. आई मेथी निवडत होती.

"असं लिव्हलंय?" तिनं विचारलं.

"व्हय."

"कुणीबी लावायचा?"

"कुणीबी."

ती निवडत राहिली. मेथीची जुडी संपली, काड्या गोळा केल्या, आणि मग म्हणाली, "मलाबी न्या."

म्हणजे आम्ही चौघं जाणार हे पक्कं झालं. आईनं लुगडं काढून ठेवलं. मी त्या दिवसांत फार खुशीत होतो. माझी कल्पना, माझं कुटुंब, माझी पोर. माणूस खुशीत असला की त्याला बाकीचं ऐकू कमी येतं.

मला ऐकू आलं नाही ते असं. म्युझियमची एक ताई कंपनीत येऊन सगळं समजावून गेली होती. तरुण, हुशार, बोलायला गोड. तिथं 'आपलं गाव' नावाचं एक दालन आहे. त्यात चावडी, विहीर, कुंभाराचं चाक, लोहाराचा भाता. आमची लेकरं सोंगं घेऊन तिथं छोटंसं नाटक करणार, आईबाप समोर बसून बघणार, फोटो निघणार. सोंगांची पेटी म्युझियमचीच, आमचं झालं की तिथंच राहणार, येणाऱ्या लेकरांना खेळायला. ज्याच्या घरात जी परंपरा, ते काम त्याच्या लेकराला. "मुलांना आपली मुळं कळतात," ती म्हणाली.

मी मान डोलावली. मला खरंच वाटलं, माझी परंपरा म्हणजे फिटरची. पोरीच्या हातात पाना देतील. निळा छोटा शर्ट देतील. असला मी शहाणा.

मग एका शनिवारी ती पेटी कंपनीत आली आणि वाटप झालं. साहेब एकेकाला पूर्ण नाव विचारत होते. इतकी वर्षं आम्हाला ओळखणाऱ्या माणसाला आमची नावं ठाऊक नव्हती अशातला भाग नाही. पण पूर्ण नाव कशासाठी विचारतात हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. सुताराला रंधा मिळाला. कुंभाराला चाक. माझ्या शेजारच्या मशीनवरचे रशीदभाई, त्यांच्या पोराला मुलाणी केलं आणि पुठ्ठ्याची सुरी दिली. गावातली कोंबडी-बकरी तो कापणार. रशीदभाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हमारे दादा ने जिंदगी में मुर्गी नहीं काटी, मियाँ. हिमरू की शालें बुनते थे. इनकू कौन समझाए?" पण मोठ्यानं तेही काही बोलले नाहीत.

पाटलाचा फेटा आमच्या सुपरवायझरच्या पोराला गेला. त्याचं आडनाव शेळके. पण त्याला शेळके कुणी म्हणत नाही. गावाकडं बागायत आहे, जात वरची आहे, म्हणून सगळी कंपनी त्याला पाटील म्हणते. त्याच्या घराण्यात पाटीलकी कधी नव्हती, तो स्वतःच हसत सांगतो. तरी पाटील. मीही पाटीलच म्हणायचो. तो मला पहिल्या नावानं हाक मारायचा, तेही अर्धं तोडून.

मग माझी पाळी आली. मला पूर्ण नाव विचारलं, मी सांगितलं, आणि साहेबांनी पेटीत हात घातला.

त्या कामाला नाव काय ठेवलं होतं? गावकामगार. महार हा शब्द कुणीही काढला नाही. सगळे शिकलेले. साहेब वर मला समजावत होते, "जातीबितीचं नाव आम्ही कुठंही वापरलेलं नाही हं. गावकामगार. तुम्हीसुद्धा कामगारच की." शेळकेचा पोरगा फेटा बांधून चावडीवर बसणार. माझी पोर घोंगडी खांद्यावर टाकून येणार, काठी आपटणार, कमरेत वाकणार आणि म्हणणार, "जोहार, पाटील." एवढंच. "एकच वाक्य आहे," साहेब म्हणाले, "विसरायला नको."

ते घेऊन मी घरी आलो.

प्रज्ञानं आधी घुंगरू ऐकले, मग मला बघितलं. काठी ओढून घेतली. घोंगडी अंगावर टाकली. नाचली. "माझं वाक्य काय?" मी सांगितलं. "जोहार म्हंजे?"

"नमस्कार," मी म्हणालो. "जुना नमस्कार."

तिला तालीम करायची होती. "पप्पा, तुम्ही पाटील व्हा." मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो. रंजनानं हसत हसत माझ्या डोक्याला टॉवेल गुंडाळला. मी मांडीवर मांडी टाकली आणि मिशीला पीळ दिला. पोर दारातून आत आली, काठी फरशीवर आपटली, घुंगरू खणखणले, ती कमरेत वाकली.

"जोहार, पाटील."

आणि वाकूनच राहिली. थोड्या वेळानं मान तेवढी वर करून म्हणाली, "आता तुमचं वाक्य म्हणा."

"मला वाक्य नाय."

"असं कसं? मी नमस्कार केला तर तुम्ही काय म्हणता?"

मी आईकडे बघितलं. ती पलंगावर बसून चहा पीत होती. बशी तोंडाजवळ नेलेली तशीच राहिली होती आणि चहा कडेनं लुगड्यावर सांडत होता.

"कायबी म्हणत नसतो तो," आई म्हणाली. "जोहारला उत्तर नसतंय, माय. ते खालून वर जायचं. वरनं काय यायचं नाय."

मग मला म्हणाली, "ऊठ तिथून."

मी उठलो. डोक्यावरचा टॉवेल काढायचाही विसरलो.

आईनं तिच्या बापाचं असं कधी सांगितलं नव्हतं, ते तेव्हा सांगितलं. आजोबा येसकर होता एवढंच मला ठाऊक. गावाची वर्दी द्यायची, मेलेली ढोरं ओढायची, कुणी मेलं की दहा कोसांवर सांगावा घेऊन जायचं, आणि चावडीपुढं गेला की जोहार घालायचा. निजाम गेला. पोलिस ॲक्शन झालं. सगळे म्हणाले, आता आपलं राज्य आलं. माझ्या आजोबालाही ते खरं वाटलं. तो एका सकाळी चावडीवर गेला आणि म्हणाला, "राम राम, पाटील."

गाव उठता-बसता एकमेकांना म्हणायचं तेच तो म्हणाला. पण राम राम केला की समोरच्याला राम राम म्हणावं लागतं. ती बरोबरीची गोष्ट. आमच्या माणसाला त्याची परवानगी नव्हती. त्याच्याच हातातली काठी काढून घेऊन त्याला त्याच काठीनं मारलं. आई तेव्हा लहान होती, बापाची भाकर घेऊन गेली होती. विहिरीच्या अलीकडं उभी राहून तिनं बघितलं. बाप मार खाता खाता "जोहार, जोहार" म्हणत होता. मारणारे दमेपर्यंत म्हणत होता.

"घुंगरू वाजत व्हते रं," आई म्हणाली. "मारताना बी वाजत व्हते."

पुढं काही वर्षांनी आमच्या लोकांनी धम्म घेतला. त्या दिवशी आजोबानं ती काठी चुलीत घातली. आजीनं तिच्यावरच भाकरी भाजल्या. "लई ग्वाड लागली ती भाकर," आई म्हणाली. ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती माझ्याकडे बघत होती.

"माझ्या बानं जाळली. तू पॉलिश करून घरात आणली."

मला त्या क्षणी लाज वाटली तशी जन्मात कधी वाटली नाही. साहेबांसमोर वाटली नव्हती, शेळकेसमोर वाटली नव्हती. आईसमोर वाटली. खोलीत कुठं बघावं कळेना. माझ्या पोरीला माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीपुढं मी वाकवलं होतं, आणि वर मिशीला पीळ दिला होता. साहेब तर नुसतं म्हणाले होते, घरचंच आहे. ते घरचं मी स्वतः करून दाखवलं.

प्रज्ञानं काठी हळूच भिंतीला टेकवून ठेवली. "मग मी वाक्य म्हणायचं नाय का?"

"नाय."

"मग बुडबुडा?"

रंजनानं तिला जेवायला बसवलं.

सोमवारी चहाच्या सुट्टीत मी काठी आणि घोंगडी घेऊन त्याच खोलीत गेलो. साहेब होते, शेळके होता, रशीदभाई होते, बाकीचेही बरेच होते. बसच्या जागा वाटणं चाललं होतं. मी काठी टेबलावर ठेवली.

"हे परत घ्या."

"का? मुलीला आवडलं नाही?"

"लई आवडलं. म्हणून परत आणलं."

साहेबांनी चष्मा काढला. समजूत घालायची असली की ते चष्मा काढतात. "अहो, तुम्ही चुकीचं मनावर घेताय. हा इतिहास आहे. मुलांना इतिहास कळायला नको का? आपण काही अपमान म्हणून करत नाही. उलट..."

"कळायलाच पायजे," मी म्हणालो. "मग काठी पाटलांच्या पोराला द्या आन फेटा माझ्या पोरीला. दोघांनाबी कळंल."

शेळकेला आधी ती गंमतच वाटली. मग माझा चेहरा बघितला.

"आमचं पोरगं?"

"व्हय."

"आमचं पोरगं जोहार घालंल? येडा झाला का तू? फोटो निघणार हायेत. गावाकडच्या ग्रुपवर जातेत. पाव्हणेरावळे काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"बरं दिसत नाय ते."

"तेच म्हणतोय मी, शेळके. बरं दिसत नाय."

मी त्याला आडनावानं हाक मारली. आजवर कधी मारली नव्हती. ओरडलो नाही, शिवी दिली नाही, नुसतं त्याचं स्वतःचं आडनाव घेतलं. पण मी थोबाडीत दिल्यासारखा तो उठून उभा राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं असावं की उठून उभं राहायला कारण सांगता येत नाही. तो बसला.

साहेबांनी लगेच तोडगा काढला. तोडगे त्यांच्याकडे तयार असतात. "ठीक आहे. वाद नको. तुमच्या मुलीला कुंभार करू. चाक फिरवेल छान. मग तर झालं?"

खोटं बोलत नाही, माझं मन हललं. प्रज्ञा ओट्याजवळ श्वास कोंडून उभी दिसली. चाक फिरवायचं, बुडबुडा बघायचा, झाडाखाली धपाटे खायचे. कुणाचं काय जातं? मी हो म्हणणारच होतो. पण विचारलं, "आन काठी?"

"काठी देऊ दुसऱ्या कुणाला. कॉन्ट्रॅक्टवाल्यांत तुमच्यातलं कुणीतरी असेलच."

त्यांनी ते सहज म्हटलं. वाकायला कुणीतरी असेलच. माझ्या पोरीच्या हातातून सुटली की दुसरीच्या हातात जाईल, आणि मी समोर बसून माझ्या पोरीनं फिरवलेल्या चाकाचे फोटो काढीन.

"नाय," मी म्हणालो. "काठी राहणार असंल तर आम्ही येणार नाय. आमच्या लोकांचं एकबी घर येणार नाय."

"हा तुमचा वैयक्तिक निर्णय झाला," साहेब म्हणाले आणि चष्मा घातला.

मी निघालो तेव्हा रशीदभाईंनी खिशातून पुठ्ठ्याची सुरी काढून काठीशेजारी ठेवली. "ये भी रख लो, साहब." एवढंच. चहा अर्धा टाकून ते माझ्या मागून बाहेर आले. आम्ही आपापल्या मशीनवर गेलो.

कमिटीतून मला कधी काढलं ते कुणी सांगितलं नाही. मीटिंगचे निरोप यायचे बंद झाले. शेळके मला आता हाकच मारत नाही. काम सांगायचं तर दुसऱ्याकरवी सांगतो.

आणि आमच्या लोकांचं एकही घर जाणार नाही, हे मी जे छाती फुगवून बोललो होतो, ते खोटं ठरलं. पुष्कळ गेले. रविवारी सकाळी बजाजनगरच्या चौकात बसगाड्या उभ्या होत्या. नटलेली लेकरं, पिशव्या, वेण्यांतली फुलं. प्रज्ञा घरच्या खिडकीत बसून बघत होती. मी तिला खिडकीतून उठ म्हणालो नाही. रशीदभाई आपल्या पोरांना घेऊन मकबऱ्याला चालले होते, आम्हालाही बोलवायला आले. प्रज्ञा उठलीच नाही. तिला मकबरा नको होता.

रंजनानं तरी धपाटे केले. थापताना हात जोरजोरात आपटत होती. ताट माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "तुमची ऐट राहिली. पोरीचा बुडबुडा फुटला." तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. काढून ठेवलेलं लुगडं आईनं घडी करून परत ट्रंकेत ठेवलं.

संध्याकाळी कंपनीच्या ग्रुपवर फोटो आले. त्यातला एक मी अजून ठेवलाय. शेळकेचा पोरगा चावडीवर फेटा बांधून बसलाय, कंटाळलेला, फेटा डोळ्यांवर आलाय. त्याच्यापुढं एक मुलगी वाकलीय. माझ्या पोरीपेक्षा लहान. घोंगडी खांद्यावर, काठी हातात, आणि ती तोंडभरून हसतेय. पुढचे दोन दात पडलेले. फोटोखाली टाळ्या, फुलं, अंगठे. कुणीतरी लिहिलं होतं, किती गोड.

तिच्या बापाला मी ओळखतो. लोडिंगला कॉन्ट्रॅक्टवर आहे. दुसऱ्या दिवशी गेटजवळ भेटला तेव्हा मी काही म्हणायच्या आधी तोच म्हणाला, "दादा, लेकरांना फिराया मिळालं. एका शब्दानं काय व्हतंय? मी तुमच्यावानी परमनंट नाय." मला त्याच्यावर राग नाही. राग यायच्या आधी माझे स्वतःचे दात आठवतात.

फोटोखाली मी एक ओळ लिहिली. 'जोहारला पाटील काय उत्तर देतो, कुणीतरी सांगा.' ती बऱ्याच जणांनी वाचली, खुणा दिसत होत्या. कुणी काही लिहिलं नाही. सकाळी कुणीतरी उगवत्या सूर्याचं चित्र टाकलं आणि माझी ओळ वर सरकून गेली.

ते गप्प बसणं मला लागलं. साहेबांचं "घरचंच आहे" लागलं त्यापेक्षा जास्त लागलं. आजोबा चावडीवर म्हणाला, उत्तर आलं नाही. मी मोबाइलवर विचारलं, उत्तर आलं नाही. मधे एवढं सगळं झालं म्हणतात. राज्य बदललं, गावं सुटली, कारखाने आले, आम्ही शिकलो, अंगावर निळा शर्ट आला. आणि कुठल्यातरी सुताराकडं कुणीतरी बसून लेकराच्या उंचीची काठी करून घेतली. किती उंच करायची हे ठरवताना कुणालाही काही खटकलं नाही.

प्रज्ञा माझ्याशी अजून पुरतं बोलत नाही. विचारलं तर उत्तर देते, आपणहून बोलत नाही. मी तिची समजूत घालत नाही. तिचा रविवार मी घेतला हे खरं आहे. मोठी झाली की तिला कळेल असंही मी म्हणणार नाही. कळेल किंवा नाही कळणार.

काल जेवताना आई म्हणाली, "मला तिथं न्या."

"कशाला? बुडबुडा बघाया?" रंजनानं विचारलं.

"चावडी बघाया."

त्यावर आम्ही बसून बेत केला. येत्या रविवारी जायचं. कंपनीची बस नको, शहरात जाणाऱ्या बसनं जायचं, तिकीट काढून आत जायचं. आई चावडीसमोर खाली बसणार. लेकरं येतील, आईबाप येतील. कुणाच्याही लेकराच्या हातात ती काठी आली की आई त्या लेकराला जवळ बोलावून सांगणार की हे काय आहे, असल्या काठीनं कुणाला मारलं, आणि मार खाणारा काय म्हणत होता. ती ताई गोड आवाजात म्हणेल, आजी, मुलं घाबरतील. घाबरू दे. वॉचमन येईल, मॅनेजर येईल, ते कंपनीला फोन करतील. करू दे. आईनं लुगडं परत बाहेर काढलं आहे. रंजना येते म्हणाली. प्रज्ञा हो म्हणाली नाही आणि नाही म्हणाली नाही.

आमचं म्हणणं एवढंच आहे की ती काठी तिथून काढा. जाळा, पुरा, कपाटात कुलूप लावून ठेवा आणि तिच्याखाली खरं काय ते लिहा. लेकराच्या हातात देऊ नका. मी अर्ज करणार नाही, विनंती करणार नाही, साहेबांना मध्ये घालणार नाही. नोकरीवर बेतलं तर बेतू दे. ह्या रविवारी ऐकलं नाही तर पुढच्या रविवारी जाऊ, तेव्हाही नाही तर त्याच्या पुढच्या. रविवार आमच्याकडे पुष्कळ आहेत.